आत्याबाईंच्या पुढ्यात परात ठेवू की नको?

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून एका सुनेचं पत्र आलंय. सासूबाई ७३ वर्षांच्या, सून त्यांना आत्याबाई म्हणते. येळवसीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना लकवा मारला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. नऊ दिवस दवाखान्यात काढून घरी आणलं, त्याला आता पाच महिने होत आले. सासूबाई डाव्या हातात काठी धरून अंगणापर्यंत जातात. उजव्या हाताची बोटं थोडी उघडतात. सगळं समजतं, पण तोंडातून ‘अगं’ आणि ‘न्हाई’ एवढंच निघतं. तालुक्याहून येणारे फिजिओथेरपिस्ट तीन महिन्यांनी म्हणाले, ‘वय बघता आता फार अपेक्षा ठेवू नका.’ त्यांचं येणं तिथंच थांबलं.

सुनेनं मात्र स्वतःच्या डोक्यानं रोज दुपारी सासूबाईंपुढे परात ठेवायला सुरुवात केली. कधी शेंगा फोडायला, कधी तूर निवडायला. त्यावरून घरात पेटलंय. नणंद म्हणते, ‘जल्मभर राबली, आता लकव्यातबी कामाला लावायलीस व्हय माझ्या मायला?’ नवरा म्हणतो, हे सगळं राहू दे, मुंबईला नेऊन स्टेम सेलचं इंजेक्शन देऊ, दीड-दोन लाख लागतील, रान गहाण टाकू. गल्लीतला ४८ वर्षांचा माणूस लकव्यानंतर दोन महिन्यांत मोटारसायकलवर बसला, त्याचं नाव रोज निघतं. कुणी गावठी औषध सुचवतं, कुणी कबुतराचं रक्त. दवाखान्याच्या गडबडीत सासूबाईंचा चष्मा हरवला, बीपीची गोळी मात्र चालू आहे. परात पुढे आली की त्या कधी कधी रडतात. सुनेनं शेवटी विचारलंय, ‘या वयात मेंदू खरंच शिकतो का? का मी आत्याबाईंना उगीच छळायलेय?’

ताई,

परात काढून घेऊ नका. ती कधी आणि कशी ठेवायची यात बदल करावा लागेल, त्यावर येतेच. पण पाच महिन्यांत तुम्हाला घरातल्या कुणी ‘बरोबर करतीस’ एवढंही म्हटलेलं दिसत नाही, म्हणून ते आधी लिहिलं.

‘आता ह्या वयात काय व्हायलंय?’ हे वाक्य मी मराठवाड्यात फिजिओथेरपी करताना तेवीस वर्षं ऐकतेय. त्यात थोडं खरं आहे. मेंदूचा जो भाग रक्तावाचून गेला, तो गेला. तिशीतल्या माणसाचाही परत येत नाही. हात पुन्हा हलायला लागतो तो आजूबाजूचे आणि काही वेळा समोरच्या बाजूचे भाग ते काम शिकून घेतात म्हणून. जोडीतला एक बैल बसला की दुसरा औताला शिकवावा लागतो, तसंच. तरणा गोऱ्हा लवकर वळणावर येतो. वयस्क बैलही शिकतो, पण त्याच्याकडून तास जास्त घालून घ्यावे लागतात, मधेमधे सावलीला उभं करावं लागतं.

शिकताना चेतापेशींना नव्या फांद्या फुटतात, त्यांचे एकमेकींशी नवे जोड तयार होतात. यासाठी लागणारी द्रव्यं उतारवयात कमी बनतात. इजा झाल्यावर मेंदूत जी सूज आणि साफसफाई सुरू होते, ती म्हातारपणी लवकर शमत नाही. आणि आपल्याकडं साठीपुढच्या माणसाला बहुधा आधीच दहा-पंधरा वर्षांचं बीपी किंवा शुगर असते. त्यानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणाऱ्या तारा झिजलेल्या असतात. नव्या कामाला हाताशी असलेली माणसंच कमी, असं समजा. म्हणून वेग कमी पडतो. पण वेग कमी असणं वेगळं आणि काहीच न होणं वेगळं. घराघरांत या दोन गोष्टी एक धरल्या जातात, आणि तिथंच नुकसान सुरू होतं.

गल्लीतल्या त्या माणसाशी तुलना तर आजच थांबवा. लकव्यातून माणूस कितपत सावरेल हे वयापेक्षाही मूळ इजा किती मोठी आणि कुठं झाली, यावर जास्त ठरतं. त्यांची गुठळी बारीक वाहिनीत असेल, तुमच्या आत्याबाईंची मोठ्या वाहिनीत. त्यांची वाचा शाबूत, यांची गेलेली. दोघांना ‘लकवा’ हा एकच शब्द वापरतो म्हणून आजार एक होत नाही.

‘तीन महिने झाले, आता संपलं’ हेही तपासून घेऊ. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगानं होते, कारण इजेनंतर मेंदू काही आठवडे शिकायला जास्त तयार असतो. पुढं वेग मंदावतो. फिजिओथेरपिस्टनी तेवढं सांगितलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण अमेरिकेत २२२ जणांवर झालेला, २००६ साली छापून आलेला एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या लोकांना लकवा होऊन ३ ते ९ महिने झाले होते. धडधाकट हातावर जाड मोजा चढवून दोन आठवडे त्यांच्याकडून अधू हातानंच कामं करून घेतली. हात सुधारला, आणि वर्षानंतरही ती सुधारणा टिकून होती. त्यात घेताना अट एकच महत्त्वाची होती, मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता, उघडता यायला हवीत. आत्याबाईंची बोटं उघडतात, हे तुमच्या पत्रातलं माझ्या दृष्टीनं सर्वांत चांगलं वाक्य आहे.

हे वाचून कुणी त्यांचा डावा हात बांधून ठेवू नका मात्र. त्याच हातात त्यांची काठी आहे. हात बांधला आणि त्या उठल्या तर पडतील, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पाच महिन्यांची कमाई एका दिवसात जाईल. डावा हात मांडीवर ठेवायला सांगायचा तो फक्त बसून काम करताना.

आता नणंदेचं. एक माझ्या घरातलं सांगते. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांना लकवा झाला तेव्हा मी शाळेत होते. आई त्यांना दोन्ही वेळा स्वतःच्या हातानं भरवायची. गावात तिची वाहवा व्हायची. चुलत बहिणीच्या लग्नाच्या धांदलीत एका दुपारी भरवायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी ताट अण्णांपुढं ठेवून निघून गेले. परत आले तर वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी त्यांनी उजव्या हातानं खाल्ली होती. हात थरथरत होता, सदऱ्यावर वरण सांडलं होतं, आणि ते माझ्याकडं बघत होते. आईनं मला बोल लावला, सदरा बदलला आणि रात्री पुन्हा भरवायला बसली. अण्णांनी पुढं तो हात ताटाकडं नेला नाही. आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही की त्या दुपारी काय घडलं होतं. मलाही ते फिजिओथेरपी शिकताना उमगलं.

ताई, म्हाताऱ्या मेंदूला जास्त वेळा करून बघावं लागतं, आणि आपण प्रेमापोटी नेमकी तीच संधी काढून घेतो. पाणी हातात, घास तोंडात, पाय चेपून, कूस बदलून. तरण्या माणसाला कुणी असं बसवून ठेवत नाही, तो स्वतःच धडपडतो. शिवाय नुसतं पडून राहिल्यानं अंगाचं जे होतं ते वेगळंच. निरोगी वयस्कांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तर पायांचं जवळपास १ किलो मांस झडलं. त्यांना कसलाही आजार नव्हता.

तरी नणंदबाईंचं एक म्हणणं मी खोडणार नाही. त्यांच्या आईनं जन्मभर कुणाच्या तरी सांगण्यावरून काम केलंय. ७३व्या वर्षी पुन्हा पुढं परात येते आणि तोंडानं ‘न्हाई’पलीकडं काही सांगायचीही सोय नाही. सराव आणि छळ यांच्यात फरक एवढाच, की ते काम त्यांना स्वतःला करायचंय का. तुम्ही विचारलंय का? ‘हो-नाही’ तर त्या सांगू शकतात, मानेनं किंवा हातानं. शेंगा दाखवा, तूर दाखवा, वाती वळायचा कापूस दाखवा, लेकराचं झबलं घडी करायला दाखवा. त्यांना निवडू द्या. आपल्याकडच्या बाईला वाती वळणं बहुतेक वेळा तूर निवडण्यापेक्षा आवडतं, कारण ते देवासाठी असतं. अंगठा आणि बोट जुळवण्याचा सरावही त्यात उत्तम होतो.

दुपारची वेळ बदला. लातूरच्या मे महिन्यात दुपारी जेवणानंतर धट्टाकट्टा माणूस पेंगतो, आणि लकव्यानंतरचा थकवा तर फार खोल असतो. सकाळी चहा झाल्यावर, दहाच्या सुमारास, आणि ऊन उतरल्यावर, असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आधी मोठ्या वस्तू, म्हणजे अख्ख्या शेंगा, लिंबं, लसणाचे गड्डे, मग हरभरे, मग तूर. तूर हे फार पुढचं काम आहे. ती उचलता न येणं हेच रडण्याचं कारण असू शकतं. त्यांना अजून करावंसं वाटतंय तोवर परात उचला. म्हातारपणी तहानही कमी लागते, तेव्हा प्रत्येक वेळी दोन घोट पाणी, ताठ बसवून, घोटाघोटानं. पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, अन्न श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. आणि त्यांना उठवताना उजव्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका. लकव्यात खांद्याचा सांधा सैल होतो, ओढण्यानं तो निसटतो, आणि ते दुखणं सुरू झालं की हात कुणालाच लावू देत नाहीत. कमरेला पदर किंवा उपरणं बांधून त्याला धरा.

रडण्याकडं दुर्लक्ष करू नका. लकवा झालेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं. काहींना मनात तेवढं दुःख नसतानाही रडू आवरत नाही, तोही मेंदूच्या इजेचाच भाग असतो. जेवण उडालंय का, रात्री जागतात का, नातवाकडंही बघत नाहीत का, हे चार दिवस बघा आणि डॉक्टरांना सांगा. दोन्हींवर औषध आहे. पण त्याच औषधानं हात सुधारेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नैराश्यावरचं असं एक औषध ब्रिटनमध्ये तीन हजारांवर रुग्णांवर तपासलं गेलं, तो अभ्यास २०१८ साली छापून आला. नैराश्य कमी झालं, हातापायाची ताकद वाढली नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

वाचेसाठी परीक्षा घेणं बंद करा. ‘हे काय हाय, सांगा बरं’ असं दिवसभर विचारलं की माणूस गप्प होतो. डावा मेंदू दुखावला तरी तोंडपाठ असलेलं बरंच शाबूत राहतं, म्हणजे आकडे, वार, आरती आणि जात्यावरच्या ओव्या. त्यांच्या पिढीच्या बाईला ओव्या येत नाहीत असं होत नाही. पहिली ओळ तुम्ही सुरू करा, शेवटच्या शब्दाला थांबा आणि मनात दहा आकडे मोजा. घाईनं तो शब्द तुम्ही पुरवू नका, म्हाताऱ्या मेंदूला तेवढा वेळ लागतो. आणि मोठ्यानं बोलू नका, त्या बहिऱ्या झालेल्या नाहीत.

हे काम मी नणंदबाईंना द्यायला सांगेन. आईच्या ओव्या लेकीला तुमच्यापेक्षा जास्त येतील. त्यांच्याशी वाद घालून तुम्ही जिंकणार नाही, पण माहेरी आल्यावर अर्धा तास आईजवळ बसून ओवी म्हणायला लावलीत आणि आईच्या तोंडून एक शब्द निघाला, तर परातीवरचा राग आपोआप निवळेल. निघाला नाही तरी लेकीला करायला काहीतरी मिळालं.

मुंबईचं इंजेक्शन. ताई, रान गहाण टाकू देऊ नका. लकव्यावर स्टेम सेलचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडं स्टेम सेल फक्त मान्यता घेतलेल्या संशोधनातच वापरता येतात, आणि संशोधनासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. दीड-दोन लाख मागतायत, यातच उत्तर आलं. मेंदूचं टॉनिक म्हणून ज्या सिटिकोलिनच्या गोळ्या महिनोन् महिने चालू असतात, त्यांचीही युरोपात २,२९८ रुग्णांवर तपासणी झाली, २०१२ साली ती छापून आली, फरक पडला नाही. चिठ्ठीत त्या असतील तर डॉक्टरांना विचारून बंद करता येतील का बघा, तो पैसा फिजिओथेरपीला लावा.

गावठी औषधाची आणि कबुतराच्या रक्ताची कीर्ती का टिकते, तेही सांगते. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांची सुधारणा आपली आपण होतेच. त्या दिवसांत जे पाजलं, जे चोळलं, त्याला श्रेय जातं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘इंग्रजी गोळ्या बंद करा’ हे पथ्य सोबत सांगतात. बीपीची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुटली की दुसरा झटका येऊ शकतो, आणि दुसऱ्या झटक्यानंतर शिकायला मेंदूचा शाबूत भाग आणखी कमी उरतो. तुमच्या घरी बीपीची गोळी चालू आहे, ती एक दिवसही चुकवू नका. रक्त पातळ ठेवणारी चालू आहे का, चिठ्ठी काढून बघा.

एक गोष्ट तुम्हाला कडू लागेल. आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ साली छापून आला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच घरी व्यायाम करून घेतले. सहा महिन्यांनी बघितलं तर किती जण दगावले, किती जण परावलंबी राहिले, यात काही फरक नव्हता. याचा अर्थ घरचं करणं वाया जातं असा मी घेत नाही. माझ्या मते अर्थ असा, की एकट्या घरच्यांच्या खांद्यावर हे टाकून चालत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट पुन्हा सुरू करा, महिन्यातून दोनदा का होईना. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला किंवा अंबाजोगाईला, एकदा नेऊन हात, चाल आणि वाचा तिन्ही दाखवून या. ७० वर्षं पुरी झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, दाखल व्हायची वेळ आली तर त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार होतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही काढून ठेवा. आणि हे सगळं करून आत्याबाईंचा हात फारसा सुधारला नाही, तर ते तुमच्यामुळं नाही. हे वाक्य तुमच्या मालकांना मोठ्यानं वाचून दाखवा. संध्याकाळी अंगणातल्या दोन फेऱ्या आईच्या उजव्या बाजूनं चालत त्यांनी घालाव्यात, हेही सांगा. तुमच्या कमरेचं आणि झोपेचं पत्रात तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

इतर वाचकांसाठी, ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ‘म्हातारं माणूस हाय, सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्या. उपचार न झालेल्या मोठ्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते ८०च्या पुढच्यांनाही लागू पडतं.

आता आत्याबाईंच्या चष्म्याचं. पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. पाच महिने त्या चष्म्याविना आहेत, आणि तशाच तूर निवडतायत. मेंदू शिकतो ते काय चुकलं हे डोळ्यांनी बघून, आणि त्यांना दाणाच नीट दिसत नसेल. उद्या परात राहू द्या, आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या. मोतीबिंदू असेल तर तेही कळेल.